दबणारा, थरथरणारा, डुलणारा डेक: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

घराच्या मागच्या भिंतीला लागून बांधलेला लाकडी डेक, म्हणजे खांबांवर उभा केलेला मोकळा सज्जा. भिंतीपासून बाहेर ४.५ मीटर, लांबी ६ मीटर, जमिनीपासून उंची सुमारे १.८ मीटर. बांधून आठ वर्षं झालेली. घरात चार माणसं: नवरा-बायको, शाळकरी मुलगा आणि गृहस्थांची आई. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मापं आणि चुका तशाच ठेवल्या आहेत.

रचना जुन्या कडीपाटासारखीच. एका बाजूला भिंतीवर बोल्टने आवळलेली लाकडी पट्टी, जिला लेजर म्हणतात. दुसऱ्या बाजूला तीन खांबांवर बसलेली तुळई. दोन्हींच्या मध्ये ४०० मिमी अंतराने १६ कड्या आणि त्यांच्यावर फळ्या. कड्या ३८ × १८४ मिमीच्या, आणि तुळई त्याच मापाची दोन लाकडं जोडून केलेली. म्हणजे प्रत्येक कडी ४.५ मीटरचा गाळा, दोन आधारांमधलं अंतर, एका दमात ओलांडत होती. सगळं दुखणं या एका आकड्यात होतं. पण डेक हलायला लागला की माणूस वर बघतो, फळ्यांकडे. खाली वाकून गाळा मोजायचं कोणाच्या मनात येत नाही.

तक्रार

फोनवर गृहस्थ एवढंच म्हणाले होते, "डेक हलतो." मी प्रत्यक्ष गेले तेव्हा तिघांनी तीन वेगळे शब्द वापरले. मुलगा म्हणाला, "मध्ये उडी मारली की दबतो." गृहस्थांची तक्रार अशी की खुर्चीत वाचत बसावं आणि चार हातांवरून कोणी गेलं की खुर्ची थरथरते, ओळ सुटते. आजी दाराच्या चौकटीतूनच बोलत होत्या. "मला बाई डुलल्यासारखं होतं, बोटीत बसल्यागत. कठडा धरल्याशिवाय मी पुढे जात नाही."

हे तीन शब्द मी वहीत तसेच उतरवून घेतले, कारण ही तीन वेगळी दुखणी आहेत. दबणं म्हणजे वजन पडल्यावर कडी वाकणं. तिथे प्रश्न ताठपणाचा. थरथरणं म्हणजे वाकलेली कडी परत येताना वर-खाली कंप पावणं. तिथे ताठपणाबरोबर कंपनसंख्या, म्हणजे सेकंदाला होणारे कंप (हे हर्ट्झमध्ये मोजतात), आणि एका कडीचा धक्का शेजारच्या कड्यांत कसा वाटला जातो हेही येतं. डुलणं मात्र आडवं असतं. अख्खा डेक खांबांवर डावी-उजवीकडे सरकतो, आणि कड्या कितीही जाड केल्या तरी त्यात काडीचा फरक पडत नाही.

माझ्या आधी तिथे एक अनुभवी मिस्त्री येऊन गेले होते. त्यांनी कड्यांच्या बरोबर मध्यावर आडव्या ठोकळ्यांची एक ओळ मारली होती. "मॅडम, पंधरा ठोकळे ठोकलेत, आता काय हलणार?" असं ते मला म्हणाले खरे, पण डेक हलत होता, आणि आता शिवाय करकरतही होता.

आधी सुरक्षितता, मग मोजमाप

हलणारा डेक आणि पडू शकणारा डेक यांतला फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून पहिला तास खाली जाऊन तपासण्यात घालवला. डेक कोसळतात ते बहुधा भिंतीच्या जोडापाशी, विशेषतः लेजर नुसत्या खिळ्यांवर असेल तर. इथे बोल्ट होते, त्यांना गंज नव्हता, आणि लेजर भिंतीपासून सुटलेली नव्हती. जाड स्क्रू-ड्रायव्हरचं टोक खांबांच्या बुंध्यात आणि कड्यांच्या टोकांत दाबून पाहिलं. लाकूड कुठेच मऊ लागलं नाही. दोन कड्यांच्या हँगरमध्ये, म्हणजे कडीचं टोक झेलणाऱ्या लोखंडी खोबणीत, निम्मी भोकं खिळ्यांविना रिकामी होती. ती त्याच दिवशी भरून घेतली.

मग मोजमाप. यासाठी महागडं काही लागत नाही. कडीच्या पोटाला एक पेन्सिल आडवी बांधली, जमिनीत खुंट रोवून त्याला पुठ्ठा लावला आणि पेन्सिलीचं टोक पुठ्ठ्याला जेमतेम टेकवलं. वर गृहस्थ दोन्ही टाचा उचलून उभे राहिले आणि त्यांनी टाचा एकदम खाली टेकवल्या. पुठ्ठ्यावर उभी रेघ उमटली. कडीच्या मध्यावर तिची लांबी ६ मिमी भरली. बाहेरच्या तुळईवर, दोन खांबांच्या मध्यावर, १.५ मिमी. लेजरपाशी रेघ नाहीच, नुसता ठिपका.

पुठ्ठ्याचा तो तुकडा अजून माझ्या फाइलीत आहे. गृहस्थांना आणि मिस्त्रींना तो शेजारी शेजारी धरून दाखवला, आणि त्यानंतर 'भिंत सैल आहे का', 'खांब खचलेत का' ही चर्चाच संपली. हलत होत्या त्या कड्या.

आडव्या हालचालीसाठी कोपऱ्यातल्या खांबाला ठरावीक लयीत ढकललं. डेकची कड सुमारे १० मिमी इकडे-तिकडे जात होती आणि दहा सेकंदांत साधारण २५ झोके बसत होते. हे आजींचं डुलणं.

फोनमधल्या कंपनमापकावर उभी कंपनसंख्या ८ हर्ट्झच्या जरा खाली आली, आणि चार माणसं उभी राहिल्यावर ती आणखी उतरली. आपण चालतो सेकंदाला साधारण दोन पावलं, पण पावलाच्या धक्क्यात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट लयीचेही अंश असतात. शिवाय ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या कंपनाला माणसाचं शरीर सगळ्यांत हळवं असतं. युरोपच्या लाकडी बांधकामाच्या संहितेत, युरोकोड ५ मध्ये, घरातल्या लाकडी जमिनीची कंपनसंख्या ८ हर्ट्झपेक्षा कमी भरली तर वेगळी तपासणी करायला सांगितलं आहे ते यामुळेच. हा डेक बरोबर त्या नाजूक पट्ट्यात बसला होता.

कागदावरचा हिशेब

प्रति चौरस मीटर १.९ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १९० किलो वजन, हा डेकसाठी नेहमी धरला जाणारा माणसांचा भार. तो धरला तर कडी मध्यावर सुमारे २१ ते २२ मिमी वाकत होती. नेहमीची मर्यादा गाळ्याच्या ३६० व्या भागाची, म्हणजे इथे १२.५ मिमी. मर्यादेच्या पावणेदोन पट. पूर्ण गर्दी झाली तर ताकदीची बाजूही काठावरच, खरं तर काठाच्या जरा पलीकडे. म्हणून काम होईपर्यंत डेकवर मोठा जमाव बोलवू नका, असं मी स्पष्ट सांगितलं. प्रश्न फक्त खुर्ची थरथरण्याचा राहिला नव्हता.

पर्याय

पहिला पर्याय मिस्त्रींचा: ठोकळ्यांच्या आणखी दोन ओळी. ठोकळ्यांचं काम धक्का वाटून घेण्याचं. एका कडीवर पाय पडला की शेजारच्या दोन-तीन कड्यांनाही ओझं उचलायला लावायचं. पण सगळ्याच कड्या मुळात लवचीक असतील तर वाटून वाटून किती वाटणार? शिवाय आधीचे ठोकळे ओल्या लाकडाचे होते, ते आटले होते, आणि प्रत्येकाच्या टोकाला पत्ता सरकेल एवढी फट पडली होती. सैल ठोकळा धक्का वाटत नाही, फक्त करकरतो.

दुसरा, प्रत्येक कडीला जोडकडी लावणं. तेवढ्याच मापाची दुसरी कडी चिकटवून स्क्रूने आवळली तर ताठपणा दुप्पट, वाकणं निम्मं. ऐकायला छान वाटतं. पण वजनही वाढतं, त्यामुळे कंपनसंख्या दीडपटही होत नाही. १६ लांब कड्या खालून, फळ्या न काढता, हँगरांच्या तोंडातून आत घालायच्या हे काम आठवडाभराचं आणि कटकटीचं. गृहस्थांची पसंती मात्र यालाच होती, कारण डेकखालची जागा मोकळी राहणार होती. तिथे त्यांच्या सायकली आणि बागेची अवजारं असत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ताठपणा कडीच्या उंचीच्या घनावर अवलंबून असतो. आठ वर्षांपूर्वी १८४ ऐवजी २३५ मिमी उंचीच्या कड्या घातल्या असत्या तर सव्वापट लाकडात तोच दुप्पट ताठपणा फुकटात मिळाला असता.

तिसरा पर्याय मधल्या तुळईचा. गाळा निम्मा केला की एका माणसाच्या वजनाने होणारं वाकणं आठपट कमी होतं, कारण तिथे गाळ्याच्या लांबीचा घन येतो. भार सगळीकडे सारखा पसरलेला असेल तर चौथा घात, म्हणजे सोळापट. दुसऱ्या कुठल्याही उपायात एवढं माप पदरात पडत नाही. किंमत म्हणजे नवे पाये, नवे खांब आणि खालच्या जागेत अडथळा.

गृहिणींनी एक वेगळीच कल्पना मांडली: मोठ्या मातीच्या कुंड्या ठेवून डेक जड केला तर? कल्पना वाटते तितकी भाबडी नाही. वजन वाढलं की त्याच पावलाने होणारी थरथर कमी होऊ शकते. पण वजनाने कंपनसंख्या खाली येते, आणि इथे कड्या आधीच भाराच्या काठावर होत्या. कुंड्या कड्यांच्या मध्यावर ठेवल्या असत्या तर दुखणं वाढलंच असतं.

डुलण्यासाठी फारसे पर्याय नव्हते. खांब आणि तुळई यांच्यामध्ये ४५ अंशांचे तिरके आधार, आणि कड्यांच्या पोटाला कर्णरेषेत एक लांब पट्टी.

निर्णय

मधली तुळई आणि तिरके आधार असं ठरलं, पण सहज नाही. गृहस्थ म्हणाले, "खांब आले की सायकली कुठे ठेवायच्या?" बरोबर मध्यावर, भिंतीपासून २.२५ मीटरवर, तुळई घेतली असती तर एक खांब खालच्या खोलीच्या दारासमोर येत होता. मी तुळई २५ सेंटिमीटर भिंतीकडे सरकवली. गाळे २ आणि २.५ मीटरचे झाले. मोठ्या गाळ्याचा हिशेब केला तर आठपटीऐवजी जवळपास सहापट फायदा उरतो. दार मोकळं राहण्यासाठी ही तडजोड मला स्वस्तात पडल्यासारखी वाटली. आदर्श जागा गाठायची म्हणून रोज दारात खांबाला खांदा घासत राहण्यात शहाणपण नाही.

दुसरा निर्णय पायांचा, आणि इथे चूक व्हायला वाव खूप असतो. मधली तुळई म्हणजे 'थोडा टेकू' अशी समजूत असते. लोक फरशीच्या तुकड्यावर खांब उभा करून मोकळे होतात. प्रत्यक्षात अखंड कडीला मध्यावर आधार दिला की तो एकूण भाराचा निम्मा नाही, तर ५/८ भाग उचलतो. भिंत आणि बाहेरची तुळई यांच्याकडे उरतात प्रत्येकी ३/१६. या डेकवर पूर्ण भाराला ते ओझं सुमारे ३७ किलोन्यूटन, म्हणजे पावणेचार टन. चार खांब घेतले तरी मधल्या दोघांवर प्रत्येकी सव्वा टनाहून जास्त. म्हणून ४५० मिमी चौरसाचे काँक्रीटचे पाये घेतले. मूळ माती लागेपर्यंत खणायचं आणि जिथे जमीन गोठते तिथे गोठणाऱ्या थराच्या खाली उतरायचं, हा नियम.

काम

चारपैकी तीन खड्डे सरळ गेले. भिंतीच्या कोपऱ्याजवळच्या चौथ्यात विटांचे तुकडे आणि भुसभुशीत भर लागली. घर बांधताना पायाचा चर भरून टाकलेली ती माती. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, ठोकून घेतो, बसेल." त्यांना आणखी अर्धा मीटर खाली जायला लावलं तेव्हा पहार टणक मातीवर वाजली.

काँक्रीटला सात दिवस दिले. खांबांचे पाय लोखंडी बैठकीवर, जमिनीपासून उचललेले. लाकडावर तांबेयुक्त औषधाची प्रक्रिया होती. असं लाकूड साध्या लोखंडाला लवकर खातं, म्हणून स्क्रू, बोल्ट, अँगल सगळे गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा जाड लेप असलेले घेतले.

तुळई चढवताना दोन जॅक लावले. कड्यांच्या खाली दोरी ताणून पाहिली तर मध्यावर ११ मिमी झोळ होता. आठ वर्षांत लाकूड हळूहळू खाली बसतं, आणि तेवढं सगळं ते परत देत नाही. मिस्त्रींना झोळ पूर्ण काढायचा होता. जॅकचा दांडा चौथ्यांदा फिरला आणि वरून फळीच्या स्क्रूचा कुईं आवाज आला. तिथेच थांबवलं. चार मिमी उचललं होतं, तेवढं पुरे. जास्त रेटलं तर कड्या लेजरपाशी उचकटतात आणि वरच्या फळ्या तडकतात. तुळई आणि कड्या यांच्यामधल्या फटी पाचरींनी भरल्या, सगळ्या सारख्या आवळून.

जुने ठोकळे काढून कोरड्या लाकडाचे, घट्ट बसणारे नवे घातले. तिरके आधार खिळ्यांनी नाही, बोल्टने.

परिणाम

तिरके आधार आधी बसले होते, तुळई दोन आठवड्यांनी. मधल्या काळात आजी डेकवर आल्या, कठडा सोडून पाच-सहा पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "झालं की नीट!" कड्या तेव्हा जशा होत्या तशाच होत्या. सगळ्यांत कमी खर्चाच्या आणि एका दिवसाच्या कामाने घरातल्या सगळ्यांत घाबरणाऱ्या माणसाचं समाधान झालं होतं.

तुळईनंतर तीच पेन्सिल, तेच गृहस्थ, त्याच टाचा. रेघ १ मिमीच्या आत आली. थरथर जवळजवळ गेली, दबणं पूर्ण गेलं.

चार महिन्यांनी फोन आला. "थोडं परत सुरू झालंय, आणि टक् टक् आवाज येतो." खाली जाऊन पाहिलं तर सोळापैकी सहा कड्यांखाली १ ते २ मिमी फट. नवी तुळई ओली घेतली होती. ओलावा १ टक्क्याने उतरला की लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेत साधारण पाव टक्का आटतं. १८४ मिमीची तुळई बारा टक्के ओलावा सोडून कोरडी झाली की सुमारे ५ मिमी बुटकी होते. चार मिमी उचललं होतं, पाच मिमी आटलं. त्यात कड्या तुळईला बांधणारे लोखंडी अँगल मिस्त्रींनी एकाआड एक कडीलाच मारले होते, आणि मी शेवटच्या भेटीत ते मोजले नव्हते. ज्यांना अँगल नव्हता त्या कड्या पाऊल पडलं की खाली तुळईवर आपटत होत्या. टक् टक् तीच.

पोलादी पट्ट्यांच्या पाचरी घालून आणि सगळ्या कड्यांना अँगल लावून अर्ध्या दिवसात ते मिटलं.

पुन्हा करायचं झालं तर

तिरके आधार पहिल्याच दिवशी लावून महिनाभर थांबले असते. घरच्यांना नेमकं काय टोचतंय ते त्यानंतर जास्त स्पष्ट झालं असतं. मधली तुळई तरीही लागलीच असती, ताकदीसाठी, पण तो निर्णय घाईचा वाटला नसता.

तुळईचं लाकूड काही आठवडे सावलीत रचून वाळू दिलं असतं. ते जमत नसेल तर खांबांच्या माथ्यावर फिरवून उंची बदलता येणारे स्क्रू-जॅक बसवले असते, म्हणजे चार महिन्यांनी पाना घेऊन दोन फेरे द्यायचे, बस. आता मी ओल्या लाकडाच्या कामात हेच सुचवते.

मिस्त्रींच्या पहिल्या पंधरा ठोकळ्यांना मी तेव्हा मनात नावं ठेवली होती. ते अन्यायाचं होतं. त्यांना कोणी पुठ्ठा-पेन्सिल दाखवली नव्हती. 'डेक हलतो' एवढंच सांगितलं होतं, आणि त्यांच्या हाताशी जो उपाय होता तो त्यांनी केला. परवा ते दुसऱ्या एका कामावर भेटले तेव्हा खिशातून पेन्सिल काढून दाखवली आणि म्हणाले, "आधी रेघ, मग लाकूड."

जिन्याच्या कोपऱ्यातली एक कडी अजून जरा थरथरते. तिथे खाली पाण्याचा पाइप आल्याने पाचर नीट बसत नाही. गृहस्थांना विचारलं, पाइप हलवू या का? "राहू द्या. मुलगा शाळेतून आला की तिथून कळतं."